लालबागच्या मेडिकल दुकानातली चोरीविरोधी यंत्रणा : चौदा महिन्यांचा अनुभव

लालबागला, भारतमाता सिनेमापासून चालत पाच-सात मिनिटांवर आमचे औषधांचे दुकान आहे. वडिलांनी सुरू केले, आता मी चालवतो. आणि ऑगस्ट २०२४ पासून त्या दुकानात चोरी रोखण्यासाठी बसवलेली एक यंत्रणा मी वापरत आहे. चार कॅमेरे, त्यांचे चित्रण साठवणारा डीव्हीआर, शटरचे कंपन ओळखणारा सेन्सर, भोंगा, काउंटरखालचे धोक्याचे बटण आणि या सगळ्यावर रात्री लांबून लक्ष ठेवण्याची मासिक सेवा असा हा संच लॅमिंग्टन रोडवरच्या एका व्यावसायिकाने बसवून दिला. मजुरीसह ४१,००० रुपये झाले आणि लक्ष ठेवण्याच्या सेवेचे महिना ७५० रुपये वेगळे. व्यावसायिकाचे नाव मी देत नाही, कारण थोड्याफार फरकाने हाच संच त्या रस्त्यावरची अनेक दुकाने विकतात आणि औषधविक्रेत्याला त्याचा उपयोग किती, एवढेच मला लिहायचे आहे. ज्या वस्तूंमुळे आमचे दुकान आज खरोखर अधिक सुरक्षित आहे, त्यांतल्या बहुतेक या ४१,००० रुपयांच्या बिलात नव्हत्या, हे मात्र आरंभीच नोंदवतो.

यंत्रणा घेण्याचे कारण घडले जुलै २०२४ मध्ये. पाऊस कोसळत असलेल्या एका पहाटे आमचे शटर उचकटले गेले. शटरच्या दोन्ही टोकांना चांगली, जाड कडीची कुलपे होती आणि सकाळी ती दोन्ही जशीच्या तशी लागलेली सापडली. चोरांनी पहार घालून शटर मधोमध वर ओढले होते आणि पत्र्याची कमान होऊन जी दीड फुटाची फट पडली, तिच्यातून कोणीतरी अंगाने बारीक माणूस सरपटत आत गेला असावा. गल्ल्यातले साधारण ९,००० रुपये, लहान मुलांच्या दूध पावडरीचे अकरा डबे, प्रोटीनचे काही डबे आणि काउंटरवर चार्जिंगला लावून ठेवलेला दुकानाचा मोबाइल एवढे गेले. औषधांच्या एकाही खणाला हात लागला नव्हता. मात्र आत शिरलेल्याने, बहुधा पैसे शोधताना, फ्रिज उघडला आणि तो तसाच उघडा टाकून तो निघून गेला, आणि आमचा खरा तोटा तिथे झाला. इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावे लागते. माल किती तास दमट हवेत उघडा राहिला हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून पेन, कार्ट्रिज आणि व्हायल मिळून २३,००० रुपयांचा माल मी विक्रीतून काढून टाकला. चोराला त्यातला एक रुपयाही मिळाला नाही.

पंचनाम्याला आलेल्या हवालदारांनी शटरकडे पाहून एकच वाक्य उच्चारले : “कुलपं दोन्ही कडांना आणि मधे सगळं मोकळं. शेठ, हे शटर नाही, पडदा आहे.” पोलीस ठाण्यात त्या वेळी भारतीय न्याय संहिता लागू होऊन जेमतेम काही दिवस झाले होते. जुन्या दंड संहितेतल्या ४५७ (रात्रीची घरफोडी) आणि ३८० (इमारतीतली चोरी) या कलमांच्या जागी ३३१ आणि ३०५ लिहिताना अधिकारी टेबलाच्या काचेखाली ठेवलेल्या तक्त्यावर बोट फिरवत होते. तक्रार नीट नोंदवून घेतली गेली, ठसे घेतले गेले. पण दुकानात कॅमेरा नसल्याने आणि समोरच्या दुकानाचा कॅमेरा त्याच्या स्वतःच्या पायरीकडे वळलेला असल्याने पुढे काही निष्पन्न झाले नाही. त्याच आठवड्यात मी लॅमिंग्टन रोड गाठला.

संच विकणाऱ्याचा माणूस दुकान पाहायला आला, तेव्हा त्याने छत पाहिले, भिंती पाहिल्या, वायर कुठून न्यायची ते पाहिले; शटरची वाकलेली पट्टी मी दाखवली तेव्हा “ते आपल्यात येत नाही” असे तो म्हणाला. ते काम शेवटी आमच्याच गल्लीतल्या वेल्डरने ३,२०० रुपयांत केले. शटरच्या खालच्या पट्टीला मधोमध एक सेंटर लॉक बसवले, त्याचा लोखंडी दांडा जमिनीत पुरलेल्या नळीत उतरतो, आणि खालच्या पट्टीला आतून सहा फुटांचा अँगल वेल्ड केल्याने तिला आता कमान येत नाही. यात एक देखभाल आहे, जी कोणी सांगत नाही : पावसाळ्यात त्या नळीत पाणी, माती आणि रस्त्यावरच्या फुलांचा कचरा साचतो, दांडा अर्धवट उतरतो आणि किल्ली मात्र फिरते, त्यामुळे कुलूप लागले असे वाटते. दुकान बंद करण्यापूर्वी जुन्या टूथब्रशने ती नळी साफ करणे आणि दांडा पूर्ण उतरला की नाही हे शटर हलवून पाहणे हे आता आमच्याकडे शेवटचे काम आहे. या वर्षी मे महिन्यात कोणीतरी पुन्हा पहार घालून पाहिली. सकाळी खालच्या पट्टीवर दोन ताज्या खाचा आणि उडालेला रंग दिसला, पण शटर जागचे हलले नव्हते. चित्रणात दोघे जण शटरपुढे चादर आडवी धरून उभे दिसतात आणि चादरीमागे काय चालले होते ते अर्थातच दिसत नाही. चार मिनिटांनी ते निघून गेले. ४१,००० रुपयांच्या संचाने मला चादर दाखवली आणि ३,२०० रुपयांच्या लोखंडाने दुकान राखले, असे मी त्या दिवशी घरी सांगितले, ते थोडे रागाने. कारण भोंगासुद्धा त्या रात्री वाजला नव्हता.

भोंगा का वाजला नाही, याची गोष्ट लालबागची आहे. शटरवरचा सेन्सर कंपनावर चालतो आणि त्याची संवेदनशीलता एका छोट्या स्क्रूने कमी-जास्त करता येते. संच बसवला तो गणपतीच्या दोन आठवडे आधी. आगमनाच्या पहिल्याच मिरवणुकीत ढोलांचे पथक आमच्या रांगेसमोर थांबले आणि रात्री अकरा वाजता बंद दुकानाचा भोंगा ढोलाच्या ठेक्यावर कोकलू लागला. मी डोंबिवलीला घरी पोहोचलो होतो; माझ्या मोबाइलवर सतरा कॉल आले, शेजारच्या चाळीतल्या मावशींचे त्यांत सहा. पुढच्या दहा दिवसांत हाच प्रकार इतक्या वेळा झाला की, विक्रेत्याच्या माणसाने येऊन स्क्रू पूर्ण खाली फिरवला आणि विसर्जनानंतर तो पुन्हा वर करायला मात्र कोणी आले नाही, मीही विसरलो. मे महिन्यातली पहार त्यामुळे सेन्सरला कळलीच नाही. कंपनाचा सेन्सर मिरवणुकीच्या रस्त्यावर ठेवायचा नसतो, तिथे शटर जमिनीपासून वर उचलले गेल्यावरच संदेश देणारा चुंबकीय सेन्सर हवा, हे विक्रेत्याला पत्ता ऐकूनच सुचायला हवे होते. तो चुंबकीय सेन्सर मी जूनमध्ये ८५० रुपयांना बसवून घेतला आणि यंदाचा गणपती भोंग्याविना पार पडला. त्याच्याच जोडीला एक चुंबकीय सेन्सर फ्रिजच्या दाराला लावला असून दार दोन मिनिटांपेक्षा जास्त उघडे राहिले की तो चिवचिवतो. चोरांपेक्षा आमच्या मदतनिसासाठीच तो अधिक वेळा वाजतो, आणि त्यात मला काही वावगे वाटत नाही.

आता कॅमेरे. औषधांच्या किरकोळ दुकानाला कायद्याने किमान १० चौरस मीटर जागा लागते आणि आमचे दुकान त्याहून थोडेसेच मोठे आहे. एवढ्या जागेत चार कॅमेरे म्हणजे एकाच माणसाची चार बाजूंनी काढलेली छायाचित्रे. विक्रेत्याने एक कॅमेरा बाहेर, एक दारावर आतल्या बाजूस, एक काउंटरवर आणि एक मागच्या कपाटांवर लावला. दारावरचा कॅमेरा आत पाहत असल्याने येणाऱ्याची पाठ दिसते आणि जाताना, म्हणजे हातात काही असलेच तर, तोंड दिसते. ही मांडणी योग्य आहे. काउंटरवरचा कॅमेरा मात्र रस्त्याच्या दिशेने रोखलेला असल्यामुळे सकाळी दहापर्यंत समोरच्या उजेडात गिऱ्हाइकाचा चेहरा काळ्या सावलीसारखा दिसतो. उजेड आणि अंधार एकाच चौकटीत सांभाळणारा डब्ल्यूडीआर असलेला कॅमेरा घेतला असता तर हे टळले असते, आणि फरक काही शे रुपयांचा होता. मागच्या कपाटांवरचा कॅमेरा दिवसभर माझी पाठ टिपतो. तो मी काढून काउंटरच्या कोपऱ्यात, छातीच्या उंचीवर लावला. छतावरून टोपी आणि टक्कल दिसते, छातीच्या उंचीवरून चेहरा दिसतो.

कॅमेऱ्यांच्या बाबतीत आमच्या व्यवसायाची एक गंमत आहे. शेड्यूल एच, एच१ आणि एक्समधली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता न येणारी, औषधे विकणाऱ्या दुकानांत कॅमेरे लावावेत असे आदेश राज्यातल्या अनेक जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांनी गेल्या काही वर्षांत काढले आहेत, पण त्यांचा हेतू मुलांच्या हाती नशेची औषधे जाऊ नयेत हा आहे. म्हणजे तो कॅमेरा चोरापेक्षा औषधविक्रेत्याकडे पाहणारा आहे. त्यासाठी काउंटरवर काय दिले-घेतले गेले ते दिसावे लागते, चोरीसाठी चेहरा दिसावा लागतो, आणि गिऱ्हाइकाच्या हातातली डॉक्टरांची चिठ्ठी मात्र वाचता येऊ नये असे मला वाटते. गर्भनिरोधक गोळ्या किंवा मनोविकारांची औषधे मागणाऱ्याला डोक्यावरचा डोळा जाणवतो. तो आवाज खाली आणतो, मग कागदावर लिहून देतो. आमच्या कॅमेऱ्यांतला आवाज टिपण्याचा पर्याय मी पहिल्याच आठवड्यात बंद केला.

विक्रेत्याने सांगितले होते, “एक महिन्याचं रेकॉर्डिंग राहतं.” राहिले अकरा दिवसांचे. हिशेब अवघड नाही : २ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिटने चित्रण करत असेल, तर तासाला साधारण ०.९ जीबी, दिवसाला २१ जीबीच्या वर, आणि चार कॅमेऱ्यांचे ८६ जीबी होतात. १ टीबीची डिस्क अकराव्या दिवशी भरते आणि जुने चित्रण पुसून नवे लिहू लागते. कमी जागेत चित्रण साठवणारी एच.२६५ पद्धत निवडून आणि बाहेरचा सोडून बाकीच्या कॅमेऱ्यांचा वेग निम्मा करून मी ते अठरा दिवसांवर नेले. याहून मोठी तक्रार पासवर्डची आहे. डीव्हीआरचा पासवर्ड एक ते सहा असा होता आणि विक्रेत्याच्या तंत्रज्ञाच्या मोबाइलवर माझ्या दुकानाचे थेट चित्रण दिसत होते, हे मला त्याने स्वतःच, दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचे दुकान मला कौतुकाने दाखवताना, नकळत सांगितले. दुकान किती वाजता बंद होते, गल्ला कुठे ठेवला जातो, हे ज्याला बाहेरून पाहता येते त्याला शटर उचकटण्याआधीच निम्मे दुकान उघडे असते. ज्यांनी असा संच घेतला असेल त्यांनी पासवर्ड आजच बदलावा आणि यंत्राच्या यादीत कोणकोणते मोबाइल जोडलेले आहेत ते पाहून अनोळखी काढून टाकावेत.

आमच्या दुकानात होणाऱ्या चोऱ्यांपैकी बहुतेक दिवसाउजेडी, दुकान उघडे असताना होतात, आणि त्यांच्यासमोर या संचाचा उपयोग मर्यादित आहे. तिघे एकदम येतात. एक जण वरच्या फळीवरची वस्तू मागतो, ज्यासाठी स्टुलावर चढावे लागते. दुसरा मदतनिसाला थर्मामीटरमधला फरक विचारतो. तिसरा काही मागत नाही. संध्याकाळी सनस्क्रीनच्या दोन ट्यूब किंवा ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांचे खोके कमी भरते. चित्रणात हे सगळे दिसते, पण दोन दिवसांनी, आणि त्या तिघांना पुन्हा शोधत कोण बसणार? पहिल्याच गुन्ह्यात ५,००० रुपयांखालील मुद्देमाल परत केला तर समाजसेवेची शिक्षा, अशी तरतूद न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये आली आहे, आणि तीनशे रुपयांच्या ट्यूबसाठी ठाण्यात अर्धा दिवस घालवणे दुकानदारालाही परवडत नाही. म्हणून आम्ही तीन गोष्टी केल्या. ज्या वस्तूसाठी स्टूल लागते ती फळी रिकामी करून तिथे डायपरचे गठ्ठे ठेवले, कारण ते कोणी खिशात घालत नाही. काउंटरबाहेरच्या मांडणीत सनस्क्रीन आणि पट्ट्यांची रिकामी खोकी ठेवली, माल आतून द्यायचा. आणि दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला, हातातले काम न थांबवता, त्याच्याकडे बघून “बोला ताई”, “काका, आलोच” असे म्हणायचे. या तिसऱ्या उपायाला पैसे लागत नाहीत आणि तो सर्वांत उपयोगी ठरला. पाहिले गेले आहे हे कळले की तिसरा माणूस बहुधा दारातूनच वळतो.

दूध पावडरीचे डबे आत घेतल्यावर त्यांची विक्री थोडी उतरली, हे मान्य केले पाहिजे. समोर दिसते ते लोक मागतात.

फोनवरून होणारी चोरी या संचाच्या कक्षेतच येत नाही. जवळच्या रुग्णालयातून डॉक्टर बोलत असल्याचे सांगून एकाने औषधे मागवली आणि “पाचशेच्याच नोटा आहेत, दोन हजारांचे सुटे पाठवा” असे सांगितले. आमच्या दुकानातला मुलगा पिशवी घेऊन तळमजल्यावर पोहोचला, तिथे गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या एका गृहस्थाने सुटे पैसे घेतले, “औषधं वर सिस्टरकडे दे, मी नोटा घेऊन येतो” असे म्हणून तो लिफ्टकडे गेला आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडला. वर कोणत्याही सिस्टरने औषधे मागवलेली नव्हती. आता घरपोच मालाचे पैसे आधी यूपीआयने घेतो, सुटे पाठवत नाही, आणि पैसे आल्याचे दाखवणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर विश्वास न ठेवता आमच्या साउंडबॉक्सने रक्कम उच्चारल्यावरच पिशवी देतो; पैसे गेल्याचा बनावट पडदा दाखवणारी अॅप आमच्या काउंटरवर दोनदा येऊन गेली आहेत.

आतल्या माणसाच्या चोरीबद्दल विक्रेत्याने बराच जोर दिला होता. मागच्या कपाटांवरचा कॅमेरा त्यासाठीच असल्याचे त्याने सांगितले. मला त्या कॅमेऱ्यापेक्षा एच१ची नोंदवही अधिक उपयोगी पडली. मार्च २०१४ पासून शेड्यूल एच१मधल्या औषधांसाठी स्वतंत्र नोंदवही ठेवून तीत डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेले प्रमाण लिहावे लागते आणि ती तीन वर्षे जपावी लागते. बहुतेकांच्या दृष्टीने ते औषध निरीक्षकांसाठीचे काम आहे. आम्ही त्याच वहीच्या आधारे दर रात्री सहा औषधांच्या स्ट्रिप मोजतो : अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम, ट्रमाडॉल, कोडीनचे कफ सिरप आणि अनुभवाने निवडलेले आणखी एक. मोजायला आठ मिनिटे लागतात. जानेवारीत अल्प्राझोलामच्या दोन स्ट्रिप कमी भरल्या आणि मनात जे पहिले नाव आले, ते लिहायची मला आज लाज वाटते. मग शेजारच्या खणातली मोजणी केली तेव्हा ०.५ मिलिग्रॅमच्या दोन स्ट्रिप जास्त निघाल्या. चिठ्ठी ०.२५ची होती, दिलेही ०.२५च होते, संगणकावर बिल करताना मात्र ०.५ची ओळ निवडली गेली होती, आणि ती मीच निवडली होती. ज्या मुलावर मी संशय घेतला तो अजून आमच्याकडे आहे आणि त्याला हे माहीत नाही; निदान आजपर्यंत नव्हते.

धोक्याचे बटण विक्रेत्याने संगणकाशेजारी, हाताच्या उंचीवर, लाल रंगाचे बसवले होते. दरोडेखोर समोर उभा असताना तिकडे हात नेणे म्हणजे त्याला चिथावणे. मी ते काढून काउंटरखाली उजव्या गुडघ्याजवळ बसवून घेतले, जेणेकरून हात वर असतानाही दाबता येईल. चाचणीत पहिला कॉल ३८ सेकंदांनी माझ्या भावाला गेला. हे बटण पोलिसांना जोडलेले नसते. ते तुम्ही दिलेल्या चार क्रमांकांना कळवते आणि त्यांच्यापैकी कोणीतरी १०० किंवा ११२ला फोन करायचा असतो, हे विकताना स्पष्ट सांगितले जात नाही. म्हणून पहिला क्रमांक नातेवाइकाऐवजी समोरच्या रात्रभर चालणाऱ्या मेडिकल दुकानाचा ठेवला. तिथे कोणीतरी जागे असते आणि त्याला आमचे दार दिसते. खरा प्रसंग सुदैवाने आलेला नाही. आला तर काय करायचे ते काउंटरवरच्या सर्वांना सांगून ठेवले आहे : मागेल ते द्यायचे, अडवायचे नाही, पाठलाग करायचा नाही, कपडे, उंची, बोलण्याची ढब लक्षात ठेवायची आणि तो गेल्यावर शटर अर्धे ओढून कशाला हात न लावता थांबायचे.

संचासोबतच विक्रेत्याने मला उशिरा उघडणारी, म्हणजे किल्ली लावल्यावर ठरावीक मिनिटांनीच दार सोडणारी तिजोरी २६,००० रुपयांना देऊ केली होती. अमेरिकेत औषधदुकानांवरच्या दरोड्यांवर हा उपाय वापरला जातो. सीव्हीएस या साखळीने २०१५ मध्ये इंडियाना राज्यात तो सुरू केला आणि पुढे इतर राज्यांत नेला. तिथले दरोडेखोर अफूजन्य वेदनाशामकांसाठी येतात, त्यांना घाई असते, आणि तिजोरी लगेच उघडत नाही ही दारावरची पाटीच निम्मे काम करते. आमच्याकडे शेड्यूल एक्सचा, म्हणजे २०एफ नमुन्यातला परवाना नाही, त्यामुळे कुलूपबंद ठेवावीत अशी ती औषधेही नाहीत. इथे येणाऱ्याला रोकड हवी असते. तेव्हा मी तिजोरी नाकारली आणि नागदेवी स्ट्रीटवरून जमिनीला बोल्ट करता येणारी एक लोखंडी पेटी आणली, जिला वरून देवळातल्या दानपेटीसारखी फट आहे. गल्ल्यात ३,००० रुपयांवर रक्कम गेली की नोटा फटीतून आत. किल्ली दुकानात राहत नाही, आणि तसे काउंटरवर ठळक लिहून ठेवले आहे.

रात्री लांबून लक्ष ठेवण्याच्या सेवेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. चौदा महिन्यांत १०,५०० रुपये दिले. मे महिन्यातली चादर त्यांनी पाहिली नाही. विचारल्यावर “भोंगा वाजला तरच आमच्या पडद्यावर दुकान उघडतं” असे उत्तर मिळाले, जे करारात बारीक अक्षरांत आहे. ज्यांचे घर दुकानापासून दूर आहे आणि शेजारी कोणी जागे नसते, त्यांना ती उपयोगी पडू शकेल. मी ती बंद केली.

पुराव्याच्या बाबतीत मात्र यंत्रणेने एकदा चांगले काम केले. यंदा गर्दीत समोरच्या पदपथावर एका बाईंची सोनसाखळी खेचली गेली आणि बाहेरच्या कॅमेऱ्यात तो तरुण दोन सेकंद स्वच्छ दिसला. पोलिसांना चित्रण देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते, ज्याचा एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि त्यात चित्रणाच्या फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ताडून पाहता येईल असा तिचा अंक-अक्षरांचा ठसा, लिहायचे असते. विक्रेत्याने त्याच्या भागासाठी १,५०० रुपये मागितले. खरेदीच्या वेळीच हे मदतीच्या करारात लिहून घ्यावे. डीव्हीआरचे घड्याळ बारा मिनिटे मागे होते, तेही पंचनाम्यात वेगळे नोंदवावे लागले; तेव्हापासून दर एक तारखेला ते मोबाइलशी जुळवतो.

विम्याचे दोन शब्द, कारण विक्रेता “कॅमेरे लावले की विमा सोपा” असे सांगतो. आमच्या दुकानदार पॉलिसीत घरफोडीचा दावा बळजबरीने शिरल्याच्या खुणा असतील तरच चालतो; उघड्या दुकानातून उचललेला माल, मोजणीत आलेली तूट आणि कामगाराने केलेली चोरी त्यात येत नाही, आणि बंद दुकानातली रोकड कुलूपबंद तिजोरीत नसेल तर तीही नाही. जुलैच्या दाव्यात वाकलेले शटर आणि डबे मान्य झाले, गल्ला नाही. उघड्या फ्रिजमधले इन्सुलिन चोरी म्हणूनही बसले नाही आणि यंत्र बिघडल्याने झालेले नुकसान म्हणूनही नाही.

पुन्हा खरेदी करायची झाली तर मी दोनच कॅमेरे घेईन, बाहेरचा आणि काउंटरच्या कोपऱ्यातला, दोन्ही डब्ल्यूडीआर असलेले, २ टीबीच्या डिस्कसह. चुंबकीय सेन्सर, भोंगा, गुडघ्याजवळचे बटण, आणि एवढे सगळे २५,००० रुपयांच्या आत बसते. सेंटर लॉक, दानपेटी आणि साउंडबॉक्स त्याच्या आधी. कंपनाचा जुना सेन्सर अजून शटरवर आहे. तो काढून न्यायला विक्रेत्याचा माणूस येत्या सोमवारी येणार असे तो गेले तीन सोमवार सांगतो आहे.